वाटेत नसलेले गाव

एरवी दर आठवड्याला या पानावर आपली भेट होते ती घाईघाईची. स्वयंपाक, शाळा, पाहुणे आणि दुखणीखुपणी यांतून जे चार शब्द सुचतील ते मी आपल्यापुढे ठेवते, आणि आपणही ते गोड मानून घेता. दिवाळी अंकात मात्र संपादक जरा ऐसपैस जागा देतात. तेव्हा फराळाची बशी शेजारी घ्या आणि निवांत बसा. गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक सहल कशी आखली गेली आणि तिच्यात माझी एक मोठी चूक होता होता कशी राहिली, ते आज सांगायचे आहे.

सहल करणे सोपे, ती आखणे महाकठीण. माणसे घरात पाच आणि मते सहा, अशी आमची स्थिती. चिरंजीव आठवीत, त्यांना किल्ला हवा. किल्ल्याखेरीज इतर सर्व ठिकाणे बायकामुलांची, असे त्यांचे मत. धाकट्या कन्येला समुद्र हवा. "समुद्र नसेल तर मी आजीजवळ घरीच राहते," अशी तिने धमकी दिली. आजीही सहलीला येणार आहे, हे ती विसरली होती. आमच्या ह्यांना जुने दगड दिसले की भूक लागत नाही, तेव्हा लेणी आणि शिलालेख हवेत. मला डोंगर हवा होता. डोंगरावर काही करावे लागत नाही, नुसते बसता येते, एवढेच माझे डोंगरावरचे प्रेम.

राहिल्या सासूबाई. त्यांना विचारले तेव्हा त्या वाती वळत होत्या. "तुम्ही न्याल तिथं येईन मी," असे म्हणून त्या थोड्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "जाता जाता आंबेगाव वाटेत लागतं का गं?"

मी म्हटले, "बघते हं, आई."

दिवस हाताशी चार. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघायचे आणि शाळा उघडायच्या आत परतायचे. चार दिवसांत जुने शहर, डोंगर आणि समुद्र! ह्यांचे एक मित्र म्हणाले, एक काहीतरी धरा. पण ह्यांनी भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा काढून जेवणाच्या टेबलावर पसरला, त्याच्या एका कोपऱ्यावर चिवड्याचा डबा ठेवला आणि पेन्सिलीने एक रेघ ओढली. पुण्याहून जुन्नर, जुन्नरहून नाणेघाट, घाटाखाली कल्याण आणि कल्याणहून सोपारा. "ही सहल आपण आखायची गरजच नाही," हे म्हणाले, "दोन हजार वर्षांपूर्वीच ती आखून ठेवली आहे."

आणि ते खरेच होते. सातवाहनांच्या काळी जुन्नर ही मोठी पेठ. देशावरचा माल जुन्नरला यायचा, नाणेघाट उतरून कल्याणला जायचा, आणि कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून गलबतांवर चढून परदेशी रवाना व्हायचा. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी कोरलेली आहेत. त्यांतल्या काही लेखांत दान देणारे यवन, म्हणजे समुद्रापलीकडून आलेले लोक आहेत. व्यापार चालल्याशिवाय का कोणी एवढा डोंगर कोरील? पुढे मोगलांच्या अमलातही जुन्नरचे महत्त्व कमी झाले नाही. सतराव्या शतकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मुंबईहून घाट चढून जुन्नरला आला होता, तो तिथल्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून.

तेव्हा शहर, डोंगर आणि समुद्र ही तीन निरनिराळी ठिकाणे नव्हतच. एकाच वाटेवरचे ते तीन मुक्काम. आमची भांडणे एका रेघेने मिटली.

मग आखणी माझ्याकडे आली. घरात वेळापत्रक माझे चालते. मी वहीत चार रकाने पाडले. पहिला दिवस ओझरचा विघ्नहर, लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि जुन्नरला मुक्काम. दोन अष्टविनायक एका दिवसात, म्हणजे सासूबाई खूश. दुसरा दिवस शिवनेरी आणि मानमोडीची लेणी. तिसरा दिवस नाणेघाट, मग माळशेजने खाली उतरून कल्याणला चुलत दिरांकडे मुक्काम. चौथा दिवस सोपाऱ्याचा स्तूप, वसईचा किल्ला, अर्नाळ्याचा किनारा आणि रात्री घर. रेल्वेच्या अधिकाऱ्यानेही पाठ थोपटावी असे वेळापत्रक झाले.

आंबेगाव? मी नकाशात पाहिले. मंचरला नाशिकचा रस्ता सोडून पश्चिमेला घोडेगाव, त्याच्याही पुढे डिंभे. येऊन-जाऊन अर्धा दिवस. चिरंजिवांनी मोबाईल पुढे धरला. "आई, हे बघ. आंबेगाव म्हणून काही नाहीच आहे. नुसतं पाणी आहे." पडद्यावर खरोखरच सगळा निळा रंग होता.

मी सासूबाईंना सांगितले, "आई, आंबेगाव वाटेत नाही हो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वातींकडे वळल्या.

आता हे आंबेगाव काय आहे ते सांगायला हवे. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुका आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तालुक्याची कचेरी आहे घोडेगावला, आणि ज्या गावाचे नाव तालुक्याला मिळाले ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले आहे. १९३० साली मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवे होऊन प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. जुने आंबेगाव हे बाजाराचे गाव. डोंगरातले महादेव कोळी बांधव हिरडा घेऊन खाली उतरायचे आणि मीठ-मिरची, कापड घेऊन वर जायचे. त्या बाजारात सासूबाईंच्या वडिलांचे किराण्याचे दुकान होते. म्हणजे आंबेगाव हे त्यांचे माहेर. लग्न होऊन त्या पुण्याला आल्या, आणि पुढे काही वर्षांनी धरण आले. त्यांचे भाऊ, म्हणजे आमचे मामा, घोडेगावला येऊन राहिले.

घोडेगावला आम्ही अनेकदा गेलो. पण मामा कधी कोणाला पाण्याकडे नेत नसत. "काय बघायचंय तिथं? नुसतं पाणी!" एवढेच म्हणत. गेल्या चैत्रात मामा गेले. दिवसांना आम्ही गेलो आणि त्याच संध्याकाळी परत आलो.

हे सगळे मला माहीत नव्हते असे नाही. माहीत असूनही वहीच्या रकान्यात ते बसले नाही, हीच माझी चूक.

भाऊबीज आली. दुपारी माझा भाऊ जेवून गेला. कन्येने चिरंजिवांना ओवाळले, आणि ओवाळणी कमी पडली म्हणून भांडणही उरकले. संध्याकाळी मी बॅगा भरत होते. वाळत घातलेला टॉवेल राहिला म्हणून गच्चीवर गेले, तर सासूबाई तिथे उभ्या. हातात तबक, तबकात निरांजन. पश्चिमेकडे इमारतींच्या वर बीजेची बारीक कोर दिसत होती आणि त्या चंद्राला ओवाळीत होत्या.

भाऊ नसला की बहिणीने चंद्राला ओवाळावे, ही आपल्याकडची रीत मला ठाऊक होती. पण माझ्या घरात ती करणारे कोणी आहे हे मात्र त्या क्षणापर्यंत ध्यानात आले नव्हते. दुपारी माझ्या भावाला मी तीन पक्वान्ने वाढली, तेव्हा वाढायला त्याच उभ्या होत्या.

मी टॉवेल न घेताच खाली आले.

रात्री मुले निजल्यावर मी वही पुन्हा काढली. ह्यांनी पाहिले आणि काही न विचारता समोर येऊन बसले. मी नकाशावर बोट ठेवले. घोडेगावहून जुन्नरला जायला सरळ रस्ता होता! उलट मंचरला येण्याची गरजच नव्हती. मी तो शोधलाच नव्हता. वाटेत नाही म्हणजे काय, तर मी वाट पाहिली नव्हती.

पण अर्धा दिवस लागणार तो लागणारच. काहीतरी काढायला हवे होते. ह्यांनी पेन्सिल घेतली आणि मानमोडीवर रेघ मारली. त्या डोंगरात नहपान क्षत्रपाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे, आणि तो बघायचा म्हणून हे महिनाभर वाचीत होते. "दोन हजार वर्षं थांबलाय, आणखी एक वर्ष थांबेल," ते म्हणाले. मग त्यांनी वसईवरही रेघ मारली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला तो किल्ला तासाभरात बघणे हा त्या किल्ल्याचाच अपमान, असे त्यांनी मला समजावले. मी लेण्याद्री काढले, कारण तिथल्या तीनशेच्या आसपास पायऱ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्याच. नदीकाठी सपाटीवरचे ओझर ठेवले. इतके दिवस मी देवांची संख्या मोजीत होते, गुडघे मोजले नव्हते.

सकाळी गाडीत बसल्यावर सासूबाईंना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त मंचर गेल्यावर खिडकीची काच खाली करून बसल्या.

घोडेगावला मामींकडे जेवलो. मासवडी आणि बाजरीची भाकरी. मासवडी म्हटल्यावर कन्या दचकली. पण आत तीळ-खोबरे आणि बाहेर बेसन, मासळीचा संबंध फक्त नावापुरता, हे कळल्यावर तिने तीन खाल्ल्या. मग आमचे मामेदीर पुढे बसून आम्हाला डिंभ्याच्या वर घेऊन गेले. पाऊस नुकताच संपलेला, जलाशय तुडुंब. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून आम्ही उतरलो. पलीकडे सह्याद्रीची रांग आणि मध्ये पाणीच पाणी.

"आत्या, ते टेकाड दिसतं का? त्याच्या अलीकडं," मामेदीर हात करून म्हणाले. "उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काही काही खुणा वर येतात. आत्ता काही दिसायचं नाही."

सासूबाईंनी टेकाड ओळखले. त्यावरून त्यांनी पाण्यावरच बोटाने गाव मांडले. "हा बाजार. इथं आमचं दुकान. मागं नदीला जायची वाट. हिरड्याच्या दिवसांत ह्या बाजूला पोत्यांची थप्पी लागायची." आमचा मुलगा, ज्याला नकाशात निळा रंग दिसला होता, तो त्यांच्या बोटाकडे बघत उभा होता. "आजी, तुझी शाळा कुठे होती?" त्याने विचारले. आजीने पाण्यात शाळाही दाखवली.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हे पाणी जातं कुठं रे?"

"लांब जातं, आत्या. कुकडी प्रकल्पाचं आहे. शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, पार करमाळ्यापर्यंत. आपल्या खालच्या रानातला ऊसबी ह्याच पाण्यावर आहे."

"मग तुझ्या बापानं मला कधी आणलं का नाही इथं?"

मामेदीर गप्प राहिले. सासूबाईंनीही उत्तराची वाट पाहिली नाही. पाण्याच्या दिशेने त्यांनी एकदा हात जोडले, पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, "चला. जुन्नर गाठायचंय."

जाताना मामेदीरांनी आणखी एका गावाकडे बोट केले. याच तालुक्याच्या डोंगरातले माळीण. ३० जुलै २०१४ रोजी पहाटेच्या पावसात दरड कोसळून ते गाव गाडले गेले आणि दीडशेवर माणसे गेली. गाव दिसत नाही हे प्रथम एका एस.टी.च्या चालकाच्या ध्यानात आले. पावसाळ्यात धबधबे बघायला या भागात झुंडीने जाणाऱ्यांना मी एवढेच सांगीन, की या डोंगरांत माणसे राहतात आणि पावसाळा त्यांच्यासाठी गंमत नसतो. दिवाळीनंतर या. हवा स्वच्छ, वाटा कोरड्या आणि डोंगर अजून हिरवे असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवनेरी. सात दरवाजे ओलांडीत पायऱ्यांची वाट वर जाते. सासूबाई पहिल्या काही पायऱ्या चढून सावलीत बसल्या आणि मीही त्यांच्याजवळ बसले. हे आणि मुले वर गेली. शिवाईचे देऊळ, गंगा-जमुना टाकी, अंबरखाना आणि १६३० साली जिथे महाराज जन्मले ती जागा बघून उतरली. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत शिवनेरी आहे. तेव्हा चिरंजिवांची छाती दोन इंच फुगली होती.

उतरल्यावर त्याने आजीला एक गोष्ट सांगितली. ह्यांनी वर त्याला सांगितलेली. महाराज लहानपणीच शिवनेरी सोडून गेले. पुढे गड मोगलांकडे गेला. १६५७ साली महाराजांनी जुन्नरच्या पेठेवर छापा घातला, नंतर गड घेण्याचाही प्रयत्न झाला. पण त्यांच्या हयातीत शिवनेरी काही स्वराज्यात आला नाही.

"म्हणजे एवढे किल्ले घेतले आणि जन्मलेला तेवढा नाही?" सासूबाईंनी विचारले.

"नाही ना, आजी."

"असतं असं," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दुपारी ओझरला त्यांनी विघ्नहराला डोळे भरून पाहिले. संध्याकाळी मुलांना उसाच्या कडेने फिरू दिले नाही. या भागात बिबट्यांचा वावर खरोखरीचा आहे, आणि माणिकडोहला जखमी-अडकलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्रही आहे. दिवे लागले की आत यावे, हा जुन्नरकरांचा नियम पाहुण्यांनीही पाळावा.

तिसरा दिवस नाणेघाट. कोकणातून चढायचे तर वैशाखऱ्याहून चांगली दमछाक होते; जुन्नरकडून घाटघरमार्गे गेले तर गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत येते, म्हणून वडील माणसे बरोबर असली तर हीच बाजू बरी. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे सांगतात. खिंडीतून थोडे खाली उतरले की गुहा लागते. तिच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ किती केले, गाई किती दिल्या, नाणी किती दिली, सगळा हिशेब आकड्यांसकट. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज वर नावे आहेत आणि खाली नुसती पावले उरली आहेत.

सासूबाई ह्यांचा हात धरून तिथवर आल्या. पावलांकडे बघून म्हणाल्या, "नाव राहिलं, हे बरं झालं."

मी चटकन बाहेर येऊन कोकणाकडे बघत बसले. डोंगरावर नुसते बसायचे होते ना, ते बसले.

माळशेज उतरून रात्री कल्याण गाठले आणि चौथ्या दिवशी भिवंडीमार्गे सोपाऱ्याला गेलो. नालासोपाऱ्याच्या गर्दीत स्तूप आहे हे सांगूनही पटत नाही. बुरुड राजाचा कोट म्हणून लोक त्या टेकाडाला ओळखत. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरले आणि आतून बौद्ध स्तूप निघाला. अशोकाच्या आज्ञालेखांचे तुकडेही सोपाऱ्याला सापडले. नाणेघाटच्या लेखाचा अभ्यास करणारेही हेच भगवानलाल. वाटेची दोन्ही टोके एका माणसाने जोडली!

मग अर्नाळा. गाडी थांबायच्या आत कन्या चपला टाकून धावली. आम्ही ओरडत मागे. घोट्याइतक्या पाण्यातच राहायचे, या अटीवर समुद्र मंजूर झाला. सासूबाई वाळूत बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी ह्यांना विचारले, "काय रे, आमच्या बाबांची हिरड्याची पोती मुंबईला जायची म्हणत. घाटाखालून, अशीच समुद्राकडे जात असतील का?"

"जात असतील, आई. रंगाला, कातडी कमवायला हिरडा लांब लांब जायचा."

"म्हणजे आंबेगाव वाटेतच होतं म्हणायचं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या.

वाचक भगिनींनो, या सहलीत आम्ही लेण्याद्री पाहिले नाही, मानमोडी पाहिली नाही, वसई पाहिली नाही. शेजारणींनी हे ऐकून हळहळ व्यक्त केली. यंदा आपणही कुठे निघणार असाल तर जुन्नरची वाट अवश्य धरा. चार दिवसांत शहर, डोंगर आणि समुद्र तिघेही भेटतात. फक्त रकाने पाडण्याआधी घरातल्या प्रत्येकाला एकदा विचारा. आणि जो "तुम्ही न्याल तिथं येईन" म्हणेल, त्याला दुसऱ्यांदा विचारा.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की पुन्हा डिंभ्याला जायचे ठरले आहे. या खेपेस वहीत पहिल्या रकान्यात आंबेगाव लिहिले आहे. चिरंजिवांनी स्वतःच्या हाताने.